मुसळीच्या फुलापायी सुटलेला भात

माझ्या आईने अडीच महिने भात खाल्ला नाही, त्याला कारण माझं वनस्पतिशास्त्र.

बी. एस्सी.ला मी याच एका विषयात नापास झालो होतो. (घराण्यात कॉलेज पाहिलेला पहिला मीच, त्यामुळे हा मानही माझाच!) ऑक्टोबरात पुन्हा बसायचं होतं. मी पास होईपर्यंत कांदा-लसूण तोंडात घालणार नाही, असं आई गावदेवीला बोलून बसली होती. व्रत मोडलं तर मी पुन्हा नापास, हे तिच्या लेखी ठरलेलं.

श्रावणात मी आलापल्लीच्या जंगलातून मुसळीचं फूल आणलं. दुसऱ्याला समजावून सांगितलं की अभ्यास पक्का होतो, म्हणून आईलाच शिकवायला बसलो. तीन अन् तीन सहा पाकळ्या, सहा केसर, मधल्या बीजकोशात तीन कप्पे. मग वहीतलं कांद्याच्या फुलाचं चित्र शेजारी ठेवलं. (कुणी सांगितलं होतं?) आईने दोन्हीकडचं बोटांवर मोजलं.

"हा तं कांद्याचा सख्खा भाऊ होय! अन् मी महिनाभर मुसळीची भाजी खाऊन राह्यली."

देवीपुढे माफीचा नारळ फुटला. मुसळी बंद झाली. शतावरीही त्याच घरची, हे मी प्रामाणिकपणे सांगून टाकलं. वैद्याने दिलेलं तिचं चूर्णही उकिरड्यावर गेलं. मग धान फुलोऱ्यावर आलं, आणि आई शेताच्या बांधीतून एक लोंब घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

"मोज."

मोजले. सहा केसर! पानाच्या शिराही तशाच सरळ. धानाला पाकळ्या नसतात, कप्पे नसतात, ते गवत आहे, असं मी जीव तोडून सांगितलं. बाबा तर चिडून अंगणात गेले. आमच्या या धानाच्या मुलखात, झाडीपट्टीत, भात सोडणं म्हणजे श्वास सोडणं. आई ज्वारीची भाकर थापत शांतपणे म्हणाली, "ह्याच विषयात तू नापास. तुह्या शब्दावर भात खाऊ काय?"

तिच्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या, तसा मी भीतीनेच अभ्यास केला, परीक्षा दिली आणि डिसेंबरात निकाल लागला तेव्हा पास झालो. त्या दिवशी आईने ताटभर भात घेतला, वर कच्चा कांदा. मी ऐटीत विचारलं, "आता पटलं ना, धान कांद्याचं कोणी नाही?"

"असलं तरी काय होते? व्रत तं सुटलं."

पुढे मी शिक्षक झालो. वर्गात कुणी फारच मन लावून ऐकायला लागलं की आजही मी घाबरून विचारतो, "घरी नीट जेवतोस ना, बाबा?"