लेआऊटची बत्ती

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, ज्याच्यासोबत पत्रकं वाटत हिंगोलीभर हिंडलो त्या मित्रालाही नाही. तुम्हाला का सांगतोय? — माहीत नाही. आत ठेवणं आता जमत नाही, एवढंच.

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील प्रत्येक मोर्चाचं पत्रक जपून ठेवायचे; मी वाचायला शिकलो तो त्या पत्रकांवरच. त्यामुळे विशीत मला वाटायचं, की कुठलाही अन्याय एका कागदाच्या दोन्ही बाजूंत मावतो. आणि अन्याय करणारा नेहमी दुसराच असतो.

हिंगोली जिल्हा झाला आणि आमच्या वस्तीला लागून असलेल्या वावरांत पांढरे दगड रोवले गेले. नवा लेआऊट. वस्तीतल्या बाया बाजारातून यायच्या ती वाट त्यातूनच जात होती. लेआऊटच्या मालकाने बागेसाठी सोडलेली जागाही प्लॉट पाडून विकायला काढली. नालीसाठी खोदलेला चर उघडाच ठेवला. खांबांवर दिवे मात्र होते. ते लावायचं काम रखवालदाराचं — फुलसिंगकाकांचं. तांड्यावरून आलेला माणूस. गेटजवळच्या टिनाच्या खोलीत बायको आणि मुलीसोबत राहायचा.

मी मालकाविरुद्ध पोस्टर लिहिलं. जळजळीत. खाली नाव टाकलं नाही. का टाकलं नाही, हे मित्राला फार छान समजावलं होतं — लढा एका व्यक्तीचा नसतो वगैरे. खरं म्हणजे मालकाची माणसं मारतील अशी भीती होती.

इथपर्यंत सोपं आहे. पुढचं —

त्या संध्याकाळी पोस्टरं चिकटवायला एकटाच गेलो. दिवस नुकताच बुडाला होता. दिवे लागलेले होते. हो, लागलेले होते. काका हापशावर पाण्याला गेले होते. गेटच्या भिंतीवर दिव्यांचं बटन होतं. मला कुणी पाहू नये म्हणून मी ते बंद केलं. थोडाच वेळ, असं मनात म्हटलं.

आमच्या वस्तीतल्या सुमनमावशी आडतीवरची हळद निवडून त्याच वाटेने घरी येत होत्या.

चरातून त्यांचं ओरडणं ऐकलं. मी चराकडे धावलो का? नाही. घरी पळालो. एकही पोस्टर लावून झालं नव्हतं; सगळी लपवली, हाताची खळ धुतली, आणि लोक जमल्यावर त्यांच्यातलाच एक होऊन परत आलो. तोवर काकांनी घागर टाकून, पळत येऊन दिवे लावले होते. लोकांनी पाहिला तो त्यांचा बटनावरचा हात.

"आता लावून राहिला व्हय रे?" एकजण म्हणाला.

"साहेबाची झोप झाली वाटते," दुसरा.

मावशींचा खुबा मोडला. त्या पुन्हा सरळ चालल्या नाहीत.

आणि मी काय केलं? पत्रक लिहिलं. चर, बाग, मालकाचा माज — सगळं खरं. मध्ये एक वाक्य: रखवालदाराने दिवे लावलेच नव्हते. ते लिहिताना पेन थांबलं का? थांबलं. मग पुढे चाललं. या वेळी खाली नाव टाकलं.

मोर्चा निघाला. मालकाने चर झाकला, मावशींच्या दवाखान्याचा खर्च केला आणि काकांना काढून टाकलं. खोली गेली. वस्ती म्हणाली, पोरानं जिंकलं.

जायच्या आधी काका माझ्याकडे आले. माझ्याकडेच.

"भाऊ, तुमाला लोकायनं सांगितलं तसं तुमी लिवलं. आता माझं बी चार वळीचं लिवा. बत्ती म्या दिवस बुडतानाच लावली व्हती. कोनं बंद केली, ठाव न्हाई. पर लावली व्हती. तांड्यावर म्हनून राहिले, फुलसिंगानं बाईचा पाय मोडला."

"पाहतो, काका."

पाहतो! कागदच्या कागद भरणारा मी — मला चार ओळी जड झाल्या. लिहिल्या असत्या तर लोकांनी पुढचं विचारलंच असतं: मग बंद कुणी केले?

काही वर्षांनी कळमनुरीच्या बाजारात काका भेटले. मजुरीला लागले होते. मुलीची शाळा सुटली ती सुटलीच, म्हणाले. मग अगदी हळू —

"भाऊ, लिवलं व्हतं का मंग त्ये?"

मी हो म्हणालो.

"वाटलं बी?"

"हो काका. घरोघर."

त्यांनी डोक्याचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं, तोंडावरून हात फिरवला. "मंग बरं झालं. तिथल्या लोकायला तरी ठाव झालं."

त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला. पैसे मला देऊ दिले नाहीत. मी तो चहा प्यालो.