न वाळलेला रंग

या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर चहाबरोबर टाइमपास म्हणून वाचले. भुतंखेतं, चकवा... सगळं थोतांड, हे माझं ठाम मत. आता काय मत आहे ते विचारू नका.

मी धाराशिवला शाळेत चित्रकला शिकवतो. थोरला भाऊ, आमचा दादा, तेरला शेती करायचा, तेरणेच्या काठालाच. उन्हाळ्यात प्रदर्शनासाठी मी मोठं ऑइल पेंटिंग केलं – नदीचा महापूर, मोडलेला गोठा, अर्धी बुडालेली बाभळ. दादाची बायको, म्हणजे वहिनी, घरी आल्या होत्या. त्यांना मी मोठ्या हौसेनं अर्थ सांगायला लागलो. "निसर्ग माणसाला मोजतच नाही, म्हणून यात मुद्दाम एकही माणूस नाही."

"मग बाभळीला धरून कोण उभं हाय, भावजी?"

"खोडाची सावली आहे ती." म्हणालो खरं, पण त्यांनी बोट ठेवलं आणि मलाही तिथं माणूसच दिसायला लागला. खांदे, डोकं... सगळं.

"लई जीव घाबरतोय. त्याला भाईर घ्या तिथनं."

मला रागच आला. यांना चित्रातलं काय कळतं, असं मनात म्हणत ब्रश उचलला आणि त्या जागेवर गढूळ पाण्याचा रंग फिरवला. वहिनी बघतच राहिल्या. "भाईर घ्या म्हणलं होतं. तुमी तर बुडवलं की ओ."

पावसाळ्यात तेरणेला पाणी चढलं. जनावरांची दावी सोडायला दादा गोठ्याकडं गेला. जनावरं पोहत घरी आली. दादा आला नाही. शोधणारेही थकून परत गेले.

आता मुद्द्याचं सांगतो. पातळ हाताचा ऑइल कलर आठवड्याभरात वाळतो. बाकी चित्र केव्हाच खडखडीत झालंय. बाभळीजवळची तेवढी जागा मात्र ओली आहे... अजून. बोट लावलं की चिखल लागतो, आणि त्याला टर्पेंटाइनचा नाही, नदीचा वास येतो. मी खरवडून पाहिलं. खाली माणूस नाही, बाभळही नाही. नुसता ओला रंग.

हे वहिनींना सांगायला नको होतं. भावकी म्हणते, दिवस घाला, मोकळं व्हा. त्या ऐकत नाहीत. रोज सकाळी अंघोळ झाली की फोन येतो.

"भावजी, वाळला का?"

"नाही, वहिनी."

"बरं. मग आज कुंकू लावते."

का वाळत नाही, मला माहीत नाही. आणि ज्या दिवशी वाळेल त्या दिवशी फोनवर काय सांगायचं, तेही माहीत नाही.