काजळाचे पट्टे

नव्वदच्या दशकात चुलतभावाला त्याच्या मामाने अमेरिकेहून एक जाडजूड पुस्तक पाठवलं. तिकडच्या एका फुटबॉल संघाचा इतिहास. चेंडू हातात घेऊन पळायचा, असला फुटबॉल! इंग्रजी वाचता येत होतं मला, मी मुरबाडला अकरावीत होतो. पण पुस्तक त्याचं, आणि मला तो हात लावू देत नसे. कबड्डीचा सराव संपला की आमचा सगळा संघ त्याच्याभोवती बसायचा. तो फोटो दाखवून एकेका खेळाडूची कहाणी मनाने रचून सांगायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका फोटोत खेळाडूंच्या डोळ्यांखाली काळे पट्टे होते.

"काजळ हाय. नजर लागू नाय म्हणून," तो म्हणाला.

मी पुस्तक हिसकावून खालची ओळ मोठ्याने वाचली: उन्हाने डोळे दिपू नयेत म्हणून लावतात. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

म्हसा गावच्या जत्रेतल्या कबड्डीच्या सामन्याला सगळ्यांनी काजळाचे पट्टे ओढले. शेवटी मीही डबीसाठी हात पुढे केला.

भावाने डबी बंद केली. "तुला कशाला रे? तुझ्याच नजरेसाठी तर आमी लावलंय."