धक्क्यावरचा नमस्कार

हे मी बारा वर्षांनी लिहितो आहे. कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो. ते खरं नाही.

एकोणीसशे पंचविसाच्या पुढेमागे मी रत्नागिरीच्या उत्तरेला, खाडीच्या तोंडावरच्या एका बंदरात कस्टम कचेरीत कारकून होतो. वय तीस. दोन वर्षं नोकरी हंगामीच चालली होती आणि कायम होण्याचा कागद नव्या इन्स्पेक्टरच्या टेबलावर पडून होता. हा गृहस्थ पुण्याकडचा. माझ्या आधीच्या कारकुनाला गोव्याहून येणाऱ्या चोरट्या मालाच्या भानगडीत काढून टाकलं होतं, त्यामुळे बंदरावरच्या प्रत्येक माणसाकडे तो संशयानेच बघे. पहिल्याच आठवड्यात त्याने मला बोलावलं आणि गलबतवाल्यांशी माझी घसट आहे असं कानावर आल्याचं सांगितलं. मी म्हणालो, गाव लहान, ओळखी जुन्या. त्यावर तो आवाज न चढवता म्हणाला, "ओळख असू द्या. पण दोन माणसं हातात हात घेतात तेव्हा आतून काय जातं, ते मला खिडकीतून दिसत नाही."

त्याचा रोख कोणावर होता हे मला कळलं.

शेजारच्या मोहल्ल्यात एक मुसलमान तांडेल राहत होता, पन्नाशीचा. वीस वर्षं एका शेटचं गलबत चालवत होता. गुहागरची सुपारी आणि नारळ मुंबईला न्यायचे, येताना कापड आणि रॉकेलचे डबे आणायचे. माझे वडील मराठी शाळेत मास्तर होते आणि तो त्यांच्या हाताखाली चार यत्ता शिकलेला. मी त्याला चाचा म्हणायचो.

आमच्या घरात वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार, बरोबरीच्याला हात जोडून. अंगाला अंग लागायचं नाही. त्यांच्याकडे सलाम झाला की समोरच्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचा, जरा वेळ धरायचा, मग उजवा हात स्वतःच्या छातीवर ठेवायचा. वडील ईदला त्याच्याकडे जात, ओसरीवर सगळ्यांदेखत हात देत आणि घरी येऊन मुकाट्याने विहिरीवर अंघोळ करत. तांडेलाला ती अंघोळ ठाऊक होती. एकदा मला हसत म्हणाला होता, "मास्तरांनी हात दिला, मला पुरला. पुढचं त्यांचं आणि त्यांच्या विहिरीचं."

आणखी एक गोष्ट मला लहानपणापासून माहीत होती. त्यांच्यात पुढे आलेला हात कोणी टाळत नाही. टाळलाच, तर ज्याला जमातीने बाहेर टाकलंय किंवा ज्याचं काही मोठं पाप उघडं पडलंय, अशाचा टाळतात. तेव्हा माझ्याकडून नकळत चूक झाली असं म्हणायची सोय मला नाही.

दिवाळी होऊन गेली होती. गलबत दीड महिन्याने मुंबईहून आलं. धक्क्यावर शेट होते, सुपारीचे दोन व्यापारी गुहागरहून आले होते, हमाल होते, आमचा पट्टेवाला होता. माझ्या पाठीमागे कचेरीची खिडकी होती. मी वळून पाहिलं नाही, पण ती उघडी आहे हे मानेला जाणवत होतं. तांडेल पायऱ्या चढून वर आला आणि रीतीप्रमाणे एकेकाचा हात घेऊ लागला. माझ्या आधी चौघे होते. आत निघून जावं असं मनात आलं. काखेतलं रजिस्टर दोन्ही हातांनी धरावं असंही आलं. पायच हलले नाहीत. चौथ्याचा हात सोडून तो माझ्यासमोर आला.

"काय भाऊ, घरी सगळी बरी?" म्हणत त्याने दोन्ही हात पुढे केले.

मी अर्धं पाऊल मागे घेतलं आणि हात जोडले. "नमस्कार, चाचा. कागद घेऊन आत या."

त्याचे हात तसेच राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही, फार नसावा. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, पाण्याचा ठाव घेताना बघावं तसं. मग हात खाली घेतले आणि उजवा छातीला लावला, जणू सगळं रीतसर पार पडलं. मागून एक हमाल म्हणाला, "आज कारकून सोवळ्यात हायत वाटतं." दोघेतिघे हसले. व्यापारी हसले नाहीत.

दुपारी पट्टेवाल्याने बाजारातली बोलणी आणली. कस्टमला तांडेलाचं काहीतरी सापडलंय, आता गलबत झडतीला अडकणार, सुपारी तळात कुजणार. तसं काही नाही, मी त्याला सांगितलं.

"मला सांगून काय उपयोग?" तो म्हणाला. "शेटना सांगा. पेढी चार पावलांवर आहे."

पेढीचं दारही त्या खिडकीतून दिसत असे. मी गेलो नाही. उद्या जाऊ म्हटलं. उद्या इन्स्पेक्टरने दिवसभर मला रजिस्टरं तपासायला समोर बसवलं. चौथ्या दिवशी व्यापाऱ्यांनी माल दुसऱ्या गलबतात चढवला. आठव्या दिवशी शेटनी तांडेलाला उतरवून गलबत स्वतःच्या पुतण्याच्या हाती दिलं. तो पुतण्या आजही मला लांबूनच हात जोडतो. साहेबांना असंच चालतं, असं त्याला कोणीतरी शिकवलं असावं.

तिसऱ्या आठवड्यात माझा कागद सही होऊन आला. त्यावर शेरा होता, गलबतवाल्यांशी योग्य अंतर राखतात. त्याच संध्याकाळी मी पेढीवर गेलो. हा क्रम मी मुद्दाम लिहून ठेवतो: आधी सही, मग पेढी.

शेटनी ऐकून घेतलं. तांडेल तसा माणूस नाही हे त्यांनाही माहीत होतं. पण माल माझा नाही, ते म्हणाले. मालवाले तुमचा हात बघतात. आता पुतण्याला उतरवलं तर घरात आग लागेल. तुम्ही त्या दिवशी का नाही आलात?

दोन दिवसांनी तांडेल मुंबईला निघाला, आगबोटीवर खलाशाचं काम बघायला. आगबोट खाडीबाहेर उभी राही आणि उतारू पडावातून तिच्याकडे जात. धक्क्यावर मी त्याला गाठलं. पन्नाशीच्या माणसाच्या खांद्यावर एक वळकटी होती. मी खिडकीचं, इन्स्पेक्टरचं, सगळं सांगायला लागलो. त्याने मला थांबवलं.

"साहेब खिडकीत होता, ते मी बघितलं होतं, भाऊ. पोटासाठी माणूस घाबरतो, त्यात काय. घरी मी सांगितलं, मास्तरांचा मुलगा आहे, संध्याकाळी येऊन शेटना सांगेल. मग म्हटलं, सकाळी सांगेल."

पडाववाला हाका मारत होता.

"नोकरी कायम झाली ना?" त्याने विचारलं.

मी हो म्हणालो.

"बरं झालं," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. तसा असता तर मला उत्तर सुचलं असतं. तो पडावात उतरला, बसायला जागा केली, आणि पडाव भरल्यावर पडाववाल्याने दोर सोडला.