मोटारीत घेतलेलं जू

सन १९३८. माझं वय तेहतीस. भोकरदनकडच्या एका पोलीस चौकीत मी जमादार होतो. माझं शिक्षण दोनच इयत्तांचं, पण चौकीत मोटार चालवता येणारा मी एकलाच. त्या उन्हाळ्यातली ही घटना काही केल्या विसरत नाही.

पेरणी तोंडावर असताना एका विधवा बाईची बैलजोडी चोरीला गेली. रान पडीक राहिलं की दीर बळकावणार, हे तिनं फिर्याद देतानाच सांगितलं. सकाळी एका मेंढपाळानं खबर आणली : जंगलातल्या तलावावर कोणी अनोळखी माणूस जोडी घेऊन थांबलाय. पलीकडं वऱ्हाडची, म्हणजे इंग्रजी अमलाची, हद्द. ती ओलांडली की आमचा निजामाचा हुकूम संपला. मी ठाणेदारांची, म्हणजे अमीनसाहेबांची, मोटार काढली. ओळख पटवायला बाईला बोलावलं, तर ती जू घेऊनच चढली.

"आधी बैल तर सापडू दे, बाई."

"सापडल्यावर जू हुडकत बसू का, जमादार?"

पळसाच्या रानातली वाट नुसती वाळूची. वाळूत थांबलं की फसलंच, म्हणून मी मोटार दामटत राहिलो. चढ संपला आणि खाली सगळा तलाव दिसला. एवढं निळं पाणी मी तोवर पाहिलं नव्हतं. पाय जरा सैल पडला आणि मोटार रुतली. कोणाचीही रुतली असती.

खाली एकजण बैलांना पाणी पाजत होता.

"ए पाव्हण्या, जोडी घेऊन वर ये! सरकारी मोटार फसली!"

वर्दी बघून तो निमूट आला. बैलांची शिंगं ताजी रंगवलेली. तरी बाई म्हणाली, "हेच माझे."

"पोळ्यापासून माझ्याकडं हायेत, साहेब. बाजारातून घेतले."

"पावती?"

"उंदरानं खाल्ली."

"उंदराला बराबर तोच कागद घावला? बरं, मंग मोटारीला जुंप."

त्यानं बाईच्या जुवाला तांबडा उजवीकडं जुंपला, पांढरा डावीकडं. बैल एकमेकांना रेटायला लागले, जू वाकडं झालं. त्यानं काठी उगारली.

"मारू नको, मुडद्या! तांबडा डावीकडनं चालतो," बाई ओरडली.

बाजू बदलली. बाईनं जीभ टाळूला लावून आवाज काढला आणि एका दमात मोटार बाहेर!

"पोळ्यापासून तुझ्याकडं, आन् बाजू माहीत न्हाई?" मी विचारलं.

त्यानं काठी टाकून दिली. "शिंगं रंगवली, जमादार. हे ध्यानातच आलं न्हाई."

जोडी मुद्देमाल, ती निकालापर्यंत चौकीत बांधायची, असा कायदा. मी अमीनसाहेबांपुढं हटून बसलो. शेवटी सुपूर्दनामा झाला आणि जोडी बाईच्या ताब्यात गेली.

त्यानंतर सबंध नोकरीत मी कुठल्याच फिर्यादीला "आधी सापडू तर दे" असं म्हटलं नाही. वस्तू परत मिळणार असं धरून चालणारा माणूस तपासात फार उपयोगी पडतो.

जोडी सुटली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीआधी मी बाईच्या रानात गेलो, तांबडा डावीकडं जुंपला आणि दिवस वर येईस्तोवर वखर धरला. मग बुटांची माती न झाडता तसाच चौकीवर गेलो.