तरसालीची सहाची बस

त्या दिवशी हळदीकुंकवाला आमच्या सोसायटीच्या कॉमन प्लॉटमध्ये, म्हणजे मधल्या मोकळ्या जागेत, कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की म्हातारीनं मनाचं घातलं. मी होते. माझी सून होती, तिच्यासाठीच मी गेले होते. आमच्या मागच्या लायनीतली पोळ्यावाली होती. ती इथंच बडोद्यात अकोट्याला तीन घरी पोळ्या करते, नवरा जाऊन तिला दोन वर्षं झाली. कोपऱ्यावरची गार्डीणबाई होती. तिचा नवरा रेल्वेत गार्ड होता म्हणून सगळे तिला असंच म्हणतात, तीही आता एकटी. कॉर्पोरेशनच्या इलेक्शनला उभी राहिलेली बाई होती, तिचा नवरा होता, आणि घरोघर कार्डं वाटणारा त्यांचा तो गुजराती भाई. बाकी सोसायटीतल्या सवाष्णी, नटूनथटून आलेल्या. त्यातल्या कुणालाही विचारा.

पण हळदीकुंकवाच्या आधी बसचं सांगायला पाहिजे.

सून फतेगंजला एका दवाखान्यात आया आहे. ड्युटी सातची. आमच्या तरसालीच्या नाक्यावरून सहाला पहिली बस सुटायची, ती स्टेशनवरून फतेगंजला जायची. त्या बसमध्ये निम्म्याच्या वर बायकाच. कुणी दवाखान्यात, कुणी पोळ्या करायला, कुणी ऑफिसं झाडायला. माझे गुडघे चालत होते तोवर मीही त्याच बसनं कामाला गेले. बसायला जागा मिळाली तर नशीब. तिकीट पंधराचं, पण कंडक्टर म्हणायचा, "दस आपो ने बेसी जाओ." दहा द्यायचे आणि बसायचं, तिकीट मागायचं नाही. आमचे पाच वाचायचे, त्याला दहा सुटायचे. यात कुणाचं काही जातंय असं आम्हाला कधी वाटलं नाही.

एक दिवस बस आलीच नाही. बायका उभ्याच राहिल्या. दुसऱ्या दिवशीही नाही. चार-पाच दिवसांनी पानवाल्यानं सांगितलं, ती फेरी बंद झाली, आता पहिली बस पावणेआठला. ना कुठं पाटी, ना कुणी काही बोललं.

सून मग अंधारात निघायला लागली. मोठ्या रस्त्यापर्यंत चालत, तिथून शटल रिक्षा. पण रिक्षावाला पॅसेंजर भरल्याशिवाय हलत नाही, आणि त्या वेळेला भरायला माणसं कुठून येणार? पुढं स्टेशनला उतरून दुसरी रिक्षा. कधी सव्वासात, कधी साडेसात. दवाखान्यातली मोठी सिस्टर वाईट बाई नाही. तिनं सुनेला बाजूला घेऊन सांगितलं, "बेन, तुझं काम चांगलं आहे. पण रात्रपाळीची बाई तुझी वाट बघत बसते, तिलाही घर आहे. ह्या महिन्यात काहीतरी कर, नाहीतर मला दुसरी बघावी लागेल."

माझा मुलगा मकरपुऱ्याला कारखान्यात कंत्राटावर आहे. काम असलं की बोलावतात, नसलं की नाही. तेव्हा घर चालतं ते सुनेच्या पगारावर. ते आम्ही तिघंही जाणतो, पण तोंडानं कुणी बोलत नाही.

बसच्या ऑफिसात मुलगा गेला. तिथं म्हणाले, कम्प्लेन ऑनलाइन करा. केली. मोबाइलवर एक नंबर आला आणि नंतर त्या नंबराचं काय झालं ते त्या नंबरालाच ठाऊक. आमच्या वॉर्डच्या साहेबांकडे गेला, तर साहेब मीटिंगमध्ये. दुसऱ्या वेळी गेला तरी मीटिंगमध्येच. मी म्हटलं, एवढी मीटिंग करतो तर त्याला बसायला खुर्ची तरी मऊ असेल ना. मुलगा हसला. तेवढ्यासाठीच बोलले होते मी.

मग मुलगा म्हणाला, "आई, जुनी स्कूटर घेऊ हप्त्यानं. मी हिला सोडून येत जाईन." ठीक आहे म्हटलं. दुकानात गेलो, तिघंही. लोन सुनेच्या नावावर काढायचं ठरलं, पगाराची चिठ्ठी तिचीच आहे ना. तिथला एक पोरगा बसला होता कॉम्प्युटरपाशी. त्यानं तिचं पॅनकार्ड बघून काहीतरी टपटप केलं आणि तोंड पाडलं. "बेन, तमारो स्कोर तो बहु लो छे." स्कोर फार कमी, म्हणजे लोन नाही.

स्कोर म्हणजे काय ते मला मुलानं घरी येताना समजावलं. म्हणजे कुठंतरी एक कंपनी आहे, ती सगळ्यांचा हिशोब ठेवते, कुणी कर्ज फेडलं, कुणी बुडवलं. आपल्याला ती ओळखत नाही, आपण तिला ओळखत नाही, पण दुकानदार आपल्याला सोडून तिला विचारतो.

सुनेनं काय बुडवलं होतं? फ्रिज. माझे मालक ज्यात गेले त्या आजारपणात औषधं थंड ठेवायला लागायची म्हणून तिच्या नावावर हप्त्यानं घेतला होता. हप्ता घ्यायला एक माणूस दारात यायचा. सुरुवातीला पावती द्यायचा. पुढं पुढं म्हणाला, पावतीपुस्तक संपलंय, आणि भिंतीवरच्या दुधवाल्याच्या कॅलेंडरावर त्या दिवसाच्या चौकोनात सही करून जायचा. मी त्याला चहा द्यायची. शेवटचा हप्ता घेतला तेव्हा म्हणाला, "बा, हवे छुट्टा." झालं, सुटलो. ते कॅलेंडर पुढच्या वर्षी स्वयंपाकाच्या ओट्यावर डब्यांखाली घातलं. आता त्या हिशोबवाल्या कंपनीकडे शेवटचे चार हप्ते बाकी दिसतात.

फोन केला तर मशीन बोलतं. एक दाबा, दोन दाबा. दाबून दाबून शेवटी माणूस आला, तर तो म्हणाला, आम्ही फक्त लिहून ठेवतो, ज्यानं कर्ज दिलं त्याला विचारा. ज्यानं दिलं त्याचं बडोद्यातलं ऑफिस बंद झालंय. तिथं आता बाथरूमच्या टाइल्स मिळतात. मुलगा तिथं जाऊन आला. टाइल्सवाला म्हणाला, तुम्ही पाचवे.

मी काही रडले नाही. रडून काही झालं असतं तर ते आधीच पुष्कळ वेळा झालं असतं. सून मात्र त्या रात्री जेवली नाही. म्हणाली, "आई, मी एक पैसा बुडवला नाही, आणि कुठंतरी लिहिलंय की मी बुडवणारी." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

त्याच आठवड्यात कार्डं आली. संक्रांतीचं हळदीकुंकू, कॉमन प्लॉटमध्ये, संध्याकाळी. तो भाई हातात मतदारांची यादी घेऊन घरोघर फिरत होता. सुनेला एक कार्ड दिलं, मला एक. "बा, तमे पण आवजो हों!" म्हणजे मीही यायचं.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. आमच्यात नवरा गेलेल्या बाईला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत, हे त्याला कुठून माहीत असणार? त्यानं यादी बघितली, बाई बघितली, कार्ड दिलं. गार्डीणबाईलाही दिलं, पोळ्यावालीलाही दिलं.

संध्याकाळी दोघी माझ्या ओट्यावर. पोळ्यावाली कार्ड हलवत म्हणाली, "घ्या! नवरा होता तेव्हा कुणी बोलावलं नाही, म्हणायचे कामवाली आहे. आता तो गेला नि आमंत्रण आलं."

गार्डीणबाई गंभीर. "त्या भाईची चूक झालीय. जाऊ नये आपण. उगाच सगळ्यांसमोर शोभा."

"शोभा तर शोभा," पोळ्यावाली म्हणाली. "डबी देणारेत म्हणे स्टीलची."

"तुला डबीचं पडलंय!"

"मग काय कुंकवाचं पडणार?"

सून आत भाकऱ्या करत होती, तिच्या थापण्याचा आवाज येत होता. मी विचार केला, मुलाला साहेब भेटत नाही. ही बाई तर आपणहून समोर येणार, प्रत्येकीच्या पुढ्यात वाकणार. अशी वेळ परत कधी? मी म्हटलं, "मी जाणार. तुम्ही याल तर बरं."

गेलो. मागच्या रांगेत बसलो तिघी. सून माझ्या शेजारी. काही जणींनी वळून बघितलं, कुजबुज केली. करू दे.

ती उभी राहिलेली बाई आमच्यातलीच, मराठी. हातात तबक, तिच्या मागं डब्या घेऊन दोन मुली. एकेकीला हळद, कुंकू, तिळगूळ, डबी. सुनेला कुंकू लावलं. मग माझ्यासमोर आली, बोट कुंकवात बुडवलेलं, आणि माझं कपाळ बघून हात तिथंच थांबला. अधांतरी. तिनं त्या भाईकडे असं बघितलं की तो बिचारा खांबामागं सरकला.

"आजी," ती हळूच म्हणाली, "तुम्ही बसा हं. तुम्हाला डबी देते मी."

"डबी नको," मी म्हटलं. "कुंकूही नको. बाई, मला सहाची बस पाहिजे."

कुणीतरी फिस्सकन हसलं. पोळ्यावाली पलीकडून म्हणाली, "आणि बसायला जागापण!"

मग मी सगळं सांगितलं, बसल्या बसल्याच, गुडघ्यामुळं उठता येत नव्हतं. सुनेची ड्युटी, सिस्टर काय म्हणाली, रिक्षा, सगळं. सवाष्णींमधल्या दोघी-तिघी बोलायला लागल्या, त्यांनाही ती बस लागायची. गार्डीणबाई, जी यायलाच तयार नव्हती, ती उभी राहून म्हणाली, "आमच्या ह्यांनी सगळी नोकरी रेल्वेत काढली. गाडी बंद करायची तर आधी बोर्ड लावतात. तुमच्याकडं माणुसकी सोडा, बोर्डपण नाही?"

बाईचा नवरा पुढं आला. त्याला वाटलं असेल आता इथंच गोडी लावावी. त्यानं तिथल्या तिथं बसच्या ऑफिसात कुणाला तरी फोन लावला, स्पीकरवर टाकला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. पलीकडचा माणूस म्हणाला, "साहेब, ए बस तो खाली जती'ती. मशीनमां रोज चार-पाच टिकिट." म्हणजे बस रिकामी जायची, मशिनीत रोज चार-पाचच तिकिटं.

"खाली?" पोळ्यावाली ओरडली. "अरे, पाय ठेवायला जागा नव्हती! मी दारात लोंबकळत गेलेय!"

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. खोटं बोलतो, चोर आहेत, असं आणि तसं. तेवढ्यात सुनेनं माझा हात धरला. "आई," ती म्हणाली. "तिकिटं."

मला समजायला थोडा वेळ लागला. मग समजलं. आम्ही चाळीस जणी रोज जात होतो, पैसे देऊन जात होतो, आणि तिकिटाच्या मशिनीत आम्ही नव्हतोच. फ्रिजचंही तेच झालं होतं. पैसे दिले होते, आणि कुठं दिसत नव्हते. एका त्या भाईच्या मतदारयादीत तेवढ्या आम्ही सगळ्या होतो, विधवा-सवाष्ण काही न बघता.

ते बाकीच्यांच्याही ध्यानात यायला लागलं, तसा गलका ओसरला. मीच बोलले. म्हटलं, "भाऊ, बस भरून जायची. तिकीट घेत नव्हतो आम्ही. आता घेऊ. तुम्ही बस चालू करा."

तो फोनवर बराच बोलला. शेवटी ठरलं, एक महिना चालवून बघू. तिकिटं फाटली तर राहील.

त्यानं केलं की व्हायचंच होतं, ठाऊक नाही. पण बस आली. सून परत सातच्या आत पोचते. सिस्टरनं अजून दुसरी बघितलेली नाही. स्कोर आहे तिथंच आहे, मुलगा अजून एक दाबतो, दोन दाबतो.

महिना अजून चाललाय. मी सकाळी काठी घेऊन नाक्यावर जाते आणि बायका चढताना उभी राहते. पोरी मला चेकर आजी म्हणतात. कंडक्टर तोच आहे. मला बघून म्हणतो, "बा, तमे तो मारुं घर बंद करावशो." त्याचं घर मी बंद पाडणार म्हणे. त्याचा पगारही वेळेवर होत नाही, हे तोच सांगतो. मला त्याचं वाईट वाटतं. मी काय करू?

पोळ्यावाली परवा माझ्यावर चिडली. "तुला बरंय, सुनेला पगार आहे. माझे जाता-येता दहा जास्तीचे जातात रोज." तिचं खोटं नाही. दहा रुपये म्हणजे तिच्या घरी दुधाची पिशवी आहे. पण बस निघाली तेव्हा खिडकीतून तिनं हात बाहेर काढला, त्यात तिकीट होतं, आणि ते माझ्यासमोर असं नाचवलं, जशी काही मी तिची सासूच आहे.

जे कुणी हे वाचतील त्यांच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. तरसालीच्या सहाच्या बसमध्ये कधी चढलात तर पूर्ण पैसे द्या, आणि तिकीट हातात आल्याशिवाय बसू नका.