अंतालियातली पंगत

किसनअण्णा ओव्हाळांना लग्नाच्या पंगतीत जेवताना पाहिलेला माणूस नळदुर्गपासून तामलवाडीपर्यंत सापडला नसता. लग्न कुणाचंही असो, अण्णा कमरेला टॉवेल गुंडाळून, बादली घेऊन उभे. वरण त्यांनीच वाढायचं आणि हुग्गी, म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर, तीही त्यांनीच. "वाटीवर हात ठेवला तर बोटांवर वाढीन," अशी त्यांची प्रेमळ धमकी असायची आणि ती ते खरी करत. "अण्णा, आता तुम्ही बसा," म्हटलं की "बसतो की, येवढी पंगत उठू द्या," म्हणायचे. शेवटची पंगत उठेपर्यंत त्यांची मोटारसायकल घराच्या वाटेला लागलेली असायची.

गेल्या उन्हाळ्यात अण्णा गेले. त्यांचं नळदुर्गला हायवेवर खत-बियाण्यांचं दुकान होतं, माझं तामलवाडीला आहे. धंद्यानं आम्ही एकमेकांचे वैरी असायला हवे होतो, पण माझ्याकडचा माल संपला की मी त्यांच्याकडूनच पोती उचलून आणायचो. काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या लेकीच्या लग्नात मी त्यांना हाताला धरून पंगतीत बसवलं. चार पावलं गेलो, मागं वळून पाहिलं, तर अण्णा नवऱ्या मुलाच्या मामाला भात वाढत होते. मला रागच आला. आपल्या दारातून हा माणूस दरवेळी उपाशी जातो, हे मला अपमानासारखं लागलं होतं.

त्या लग्नानंतर एका खत कंपनीनं डीलर लोकांना सहलीला न्यायचं ठरवलं, तेही तुर्कस्तानात, अंतालिया नावाच्या समुद्राकाठच्या शहरात. मी मनात म्हटलं, आता सापडले अण्णा. परक्या मुलखात यांच्या हातात बादली कोण देणार?

हॉटेलात बुफे होता, हे मी धरलंच नव्हतं. पहिल्याच सकाळी अण्णा दारात थबकले. "लोकं आपल्या हातानं वाढून घ्यायलेत. वाढपी कुठं गेले हितले?" असं म्हणून ते सरळ टेबलाच्या पलीकडं गेले आणि त्यांनी डाव उचलला. रशियन बायांच्या ताटल्या भरायला लागले. एकीनं ताटलीवर हात धरला, तर तिच्या बोटांवर खरंच दही पडलं. ती हसत सुटली आणि तिनं आणखी दही घेतलं. मॅनेजर तावातावानं आला, रांग भराभर पुढं सरकताना पाहून थोडा वेळ उभा राहिला, आणि आतून एक पांढरी टोपी घेऊन आला. तिसऱ्या दिवशी हॉटेलातला एक कर्मचारी अण्णांकडं सुट्टी मागून गेला म्हणतात. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण मला ते खोटंही वाटत नाही. अण्णा स्वतः मात्र खोलीत जाऊन घरून आणलेल्या दशम्या गुळाशी खायचे.

शेवटच्या संध्याकाळी कंपनीच्या साहेबांनी सगळ्यांना 'इंटरनॅशनल फ्यूजन' जेवण द्यायचं जाहीर केलं. चीज आणि ऑलिव्हला कंटाळलेली आमची मंडळी हरखली. सोनारीचे तात्या देशमुख हे आमच्यातले सगळ्यात वजनदार, शरीरानंही आणि गावातल्या मानानंही. त्यांनी त्याचा अर्थ लावून दिला. "समद्या देशांचं जेवण म्हणल्यावर आपला बी देश आलाच की त्यात. पिठलं न्हाय तर न्हाय, पण वरण तरी असंलच." या हिशेबानं आम्ही जेवणाचं हॉटेल शोधत जुन्या शहरातल्या गल्ल्यांमधून निघालो. साहेबांच्या मोबाइलमधली बाई ज्या जागी "तुम्ही पोचलात" म्हणायची, तिथं न्हाव्याचं दुकान होतं. आम्ही फिरून फिरून तिथंच यायचो आणि न्हावी दरवेळी सगळ्यांना चहा पाजायचा. शेवटी तात्या लाजेकाजेस्तव खुर्चीत बसले आणि त्यांनी दाढी करून घेतली.

बाहेरच्या बाकावर मी आणि अण्णाच होतो. मी विचारलं, "अण्णा, खरं सांगा. पंगतीशी तुमचं वाकडं काय आहे?"

अण्णांनी चहाचा ग्लास बाकावर ठेवला. "माझ्या बापाला पंगतीभाईर बसवायचे. समद्यांचं झालं की लांबनं, वरनं वाढायचे. म्या बापाला चिकटून बसलेला असायचो. पुढं दिस पालटले, लोकं या बसा म्हणायले, तुमी बी म्हणता. पण बाळासाहेब, एक भ्या हाय. म्या बसलो, अन् शेजारचा उठला तर? उठायचा न्हाय कुणी, ठावं हाय मला. पण उठलाच तर? वाढपी उभाच असतोय. त्याच्या शेजारनं कोण उठणार?"

कुणी उठणार नाही, असं मी म्हणणार होतो. पण ते कशाच्या भरवशावर म्हणू? आमच्या भागातली लग्नं मीही पाहिलेली होती. इतकी वर्षं ज्याचा राग धरला त्याचं आता फार वाईट वाटलं.

तेवढ्यात न्हाव्याला आमची अडचण उमगली. त्यानं बोट वर केलं. जेवणाचं हॉटेल त्याच्या दुकानाच्या माडीवरच होतं.

वर परातीएवढ्या बशा आल्या. बशीच्या मधोमध जपानी भाताची एक गुंडाळी, त्यात तुर्की वांगं, वर मेक्सिकोची मिरची आणि बाजूला हिरव्या फेसाचा ठिपका. अण्णांनी बशी फिरवून पाहिली. "ह्ये वाढलंय का सांडलंय?" मग त्यांची नजर शेजारच्या टेबलाकडं गेली. तिथं एक जर्मन जोडपं रिकाम्या बशा पुढ्यात घेऊन बसलं होतं. "त्यांचं पान रिकामं हाय. आपुन कसं सुरू करायचं?" आमच्या सगळ्यांचे हात सवयीनं मागं गेले. जर्मनांना वाढून झालं, तर पलीकडची रशियन मंडळी राहिलेली. आम्ही खात नाही म्हटल्यावर इतरांनाही शंका आली आणि त्यांनीही काटे खाली ठेवले. अख्खं हॉटेल भरल्या बशांपुढं हाताची घडी घालून बसलं.

शेवटी स्वयंपाकघरातून मुख्य आचारीणबाई आल्या, अण्णांच्याच वयाच्या, दणकट. आमच्या गाइडनं त्यांना अण्णांचं म्हणणं सांगितलं: एकाला आहे आणि एकाला नाही, तर घास उतरत नाही. बाईंनी ते नीट ऐकून घेतलं आणि त्या आत गेल्या. मग टेबलं ओढून एकाला एक लावली गेली, आणि बाई एक भलं मोठं भगुलं घेऊन आल्या. हॉटेलच्या नोकरांसाठी केलेली पांढऱ्या घेवड्याची उसळ आणि भात होता तो.

अण्णा लगेच उठले, नॅपकिन कमरेला खोचला आणि त्यांनी डाव धरला. बाईंनी सोडला नाही. ते मराठीत बोलत होते, त्या तुर्कीत, आणि डाव दोघांच्या मध्ये. बाईंच्या दंडात जोर जास्त निघाला. त्यांनी अण्णांचा खांदा दाबून त्यांना माझ्या आणि तात्या देशमुखांच्या मधल्या खुर्चीत बसवलं.

अण्णा बसले, आणि तात्या उठले.

टेबलावर कुणाच्या लक्षातही आलं नाही. अण्णांचा चेहरा मात्र उतरला. ते खुर्चीच्या कडेला सरकले, उठायच्या बेतानं. मी त्यांचा हात धरला. तात्या भिंतीशी गेले, खुंटीवरचा आपला कोट चाचपला, आतल्या खिशातून एक पुडी काढली आणि परत येऊन आपल्या खुर्चीत धपकन बसले. शेंगाचटणी होती. सहलीभर त्यांनी कुणाला तिचा वासही लागू दिला नव्हता.

"कुणाला सांगू नगा," असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणत त्यांनी पहिली चिमूट अण्णांच्या बशीत टाकली. "आधी तुमी घ्या. मग ह्यांच्या हाती पडंल, म्हंजी मला बी उरायची न्हाय."

अण्णांनी टेबलाच्या टोकापर्यंत नजर टाकली. सगळ्यांची पानं वाढून झालेली होती. मग त्यांनी भातात उसळ कालवली, चटणी लावली आणि पहिला घास घेतला. ते मान खाली घालून, बोलायचं विसरून जेवत होते. बाई पुन्हा भात घेऊन आल्या, तेव्हा आम्ही सगळ्यांनी बशांवर हात धरले. अण्णांनी आपली बशी पुढं केली.

"वाढा," ते म्हणाले. "म्या येवढ्यात उठत न्हाय."